टीव्ही बंद झाला आणि बोलणंही

प्रिय ताई,

मी वसईकडची. आमचं घर कॅथलिक. मिस्टर शाळेत पी.टी.चे सर होते, आता निवृत्त. एकुलता मुलगा पंचवीस वर्षांचा, पुण्यात डिझाइनचं काम करतो. २५ जुलै २०२४ ला फादर दिब्रिटो गेले. त्यांना शेवटचं बघायला तो धावत आला आणि शनिवार-रविवार धरून राहिला. शुक्रवारी रात्री अकराला पॅरिस ऑलिम्पिकचं उद्घाटन होतं. नदीतून येणारी भारताच्या खेळाडूंची बोट बघायची म्हणून आम्ही तिघं जागे राहिलो. मिस्टरांना ऑलिम्पिक म्हणजे सणच.

आधी ती राणी. खिडकीत उभी, स्वतःचं कापलेलं डोकं हातात, आणि ते डोकं गातंय. मला कसंतरीच झालं. मग मध्यरात्र उलटल्यावर तो पूल आणि ते लांब टेबल. मध्ये एक बाई, डोक्याभोवती चकाकणारं वलय, दोन्ही बाजूंना चेहरे रंगवलेले, बायकांचे कपडे घातलेले पुरुष. आमच्या जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर येशूच्या शेवटच्या भोजनाची तसबीर आहे, सासूबाईंनी लावलेली. मी टीव्हीकडे बघितलं, मग भिंतीकडे. मिस्टर उठले आणि टीव्ही बंद केला. मुलानं रिमोट घेऊन परत लावला. "पप्पा, तो येशू नाहीये, ग्रीक देव आहे, पूर्ण बघा तरी," म्हणाला आणि हसला. मिस्टर आत निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून फोनवर मेसेजचा पाऊस. त्यातला एक मी घरच्या ग्रुपवर टाकला. फ्रान्सच्या मालावर बहिष्कार घाला असं होतं आणि त्या नाचणाऱ्यांबद्दल फार घाण शब्द होते. खरं सांगते, मी तो शेवटपर्यंत वाचलाही नव्हता. मुलानं खाली एकच ओळ लिहिली, "आई, ज्यांना या शिव्या दिल्यात त्यांच्यात माझी माणसं आहेत," आणि ग्रुप सोडला. तेव्हापासून फोन येतो तो कामापुरता. गोळ्या घेतल्या का, लाइटबिल भरलं का. पाच महिने होत आले. मिस्टर त्याचं नाव काढत नाहीत.

नाताळला येणार की नाही ते सांगत नाही. दरवर्षी येशूजन्माचा गोठा तोच करतो. मूर्तींची पेटी माळ्यावर पडून आहे. मला वाईट वाटलं ते चुकीचं होतं का? मुलगा म्हणतो ते खरं की मी बघितलं ते? आणि 'माझी माणसं' म्हणजे कोण? विचारायची भीती वाटते.

— एक आई

ताईंचं उत्तर:

प्रिय ताई,

तुम्हाला वाईट वाटलं ते चुकीचं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पाच महिने तुम्ही हे ओझं वागवताय. त्या रात्री मुलानं जे उत्तर दिलं ते दुसऱ्याच प्रश्नाचं होतं. तुमच्या आणि मिस्टरांच्या चेहऱ्यावर होतं, आम्हाला लागलं. तो म्हणाला, तो येशू नाहीये. तो जे म्हणाला ते शंभर टक्के खरं असलं तरी लागलेलं काही बरं होत नाही.

मी कॅथलिक नाही. माझं माहेर वारकरी. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ, गावच्या सप्ताहात वीणा धरायचा मान त्यांच्याकडे असायचा. मी एकोणीस वर्षांची असताना आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला ते मुद्दाम आले होते, मला बक्षीस होतं म्हणून. एका नाटुकल्यात दिंडी दाखवली होती. वीणेकरी दारू पिऊन झोकांड्या खातोय, टाळकरी त्याला सावरतायत, हॉलमध्ये शिट्ट्या. ज्यांनी ते लिहिलं ती पोरं माझ्या ओळखीची, चांगली पोरं. त्यांचा रोख ढोंगी बुवांवर होता. मीही पोट धरून हसत होते. मग त्या वीणेकऱ्यानं झोक जाऊन वीणा जमिनीवर आपटली. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत ताई, रात्रंदिवस हातावर हात बदलत ती उभीच असते. मी शेजारी बघितलं तर वडिलांची खुर्ची रिकामी. ते बाहेर पायऱ्यांवर बसले होते. एसटीत एक शब्द बोलले नाहीत. फाट्यावर उतरल्यावर एवढंच म्हणाले, "पोरांना ठाऊक नव्हतं गं. तुला ठाऊक होतं."

म्हणून तुमच्या पत्रातलं ते रिमोटचं वाक्य वाचून मी थांबले. तुमच्या मिस्टरांना पॅरिसनं जेवढं दुखावलं त्याहून जास्त त्या रिमोटनं दुखावलं असणार. पॅरिसच्या लोकांना तुमची भिंत ठाऊक नव्हती. मुलगा त्या भिंतीसमोर जेवून मोठा झालाय.

आता त्या पुलावर काय होतं, ते नीट बघू. घरात जुंपली ती त्यावरून. सेन नदीवर दबिली नावाचा पादचारी पूल आहे. सोहळ्याचे कलादिग्दर्शक तोमा जॉली यांनी तिथं फॅशन शो, नाच आणि मेजवानी असं एकत्र मांडलं होतं. त्याचं नाव 'फेस्तिव्हिते', म्हणजे उत्सव. शेवटी एक भलंमोठं झाकण वर गेलं आणि आत अंगभर निळा रंग फासलेला, वेली आणि फळं ल्यालेला गायक फिलिप कातरीन. तो डायोनिसस, ग्रीकांचा मद्याचा आणि जल्लोषाचा देव. जॉलींनी २८ जुलैला टीव्हीवर सांगितलं की ऑलिम्पस पर्वतावरच्या देवांशी नातं सांगणारी एक मोठी मेजवानी दाखवायची होती आणि डायोनिसस हा सेन नदीच्या देवतेचा, सेक्वानाचा, बाप. ऑलिम्पिकच्या अधिकृत खात्यानंही त्याच रात्री डायोनिससचं नाव घेतलं होतं. म्हणजे तुमचा मुलगा थापा मारत नव्हता. दिजाँच्या संग्रहालयात सतराव्या शतकातल्या यान व्हान बायलर्ट या डच चित्रकाराचं देवांच्या मेजवानीचं एक चित्र आहे. टेबलामागे मध्यभागी डोक्याभोवती तेज असलेला ग्रीक देव अपोलो आणि पुढ्यात डायोनिसस. पुलावरचं दृश्य त्याच्याशी जुळतं असं पुष्कळांनी दाखवून दिलं. डिझाइनवाला मुलगा आहे, त्यानं ते पाहिलंच असेल.

पण त्याला हेही दिसायला हवं की त्या डच चित्राची मांडणीच लिओनार्दो द व्हिन्चीच्या 'शेवटच्या भोजना'वर बेतलेली वाटते. लांब टेबल, सगळे एकाच बाजूला, मधोमध एक जण. ज्या घरात ही मांडणी रोज ताट वाढताना समोर असते, तिथं अपोलो आधी कोणाला आठवेल? तुम्ही बघितलं ते तिथं होतं. चित्राची ओळख बघणाऱ्याच्या घरातून येते, आणि जगभर दाखवायच्या सोहळ्यात तुमच्यासारखी कोट्यवधी घरं बघत असणार, हे करणाऱ्यांनी आधी धरायला हवं होतं. आयोजकांच्या प्रवक्त्या २८ तारखेला म्हणाल्या की कोणाचा अनादर करायचा हेतू नव्हता आणि कोणी दुखावलं असेल तर आम्ही दिलगीर आहोत. मी ते मानते. हेतू नसेलही. तरी धक्का लागायचा तो लागतोच.

त्या तसबिरीची एक गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते. मूळ चित्र मिलानमध्ये सांता मारिया देल्ले ग्रात्सिए मठाच्या भोजनगृहात आहे, साधारण १४९५ ते १४९८ मध्ये काढलेलं. सासूबाईंनी तसबीर जिथं लावली तिथंच, जेवणाऱ्यांच्या समोर. १६५२ मध्ये मठातल्याच लोकांना स्वयंपाकघराकडे जायला दार हवं होतं, म्हणून त्यांनी त्या भिंतीत दार पाडलं. ते नेमकं येशूच्या पायांवर आलं. योहानाच्या शुभवर्तमानात त्याच भोजनाच्या वेळी तो उठून शिष्यांचे पाय धुतो, आणि चित्रातले त्याचे पाय त्याच्याच माणसांनी जेवणाची भांडी नेण्यासाठी तोडले. त्यांच्याही मनात अपमान नव्हता. ते दार पुढे बुजवलं, पण पाय परत आले नाहीत. तुमच्या तसबिरीत टेबलाखाली पाय दिसत असतील तर ती जुन्या नकलांवरून पुरी केलेली आहे.

राणीबद्दल तुम्ही दोन ओळीच लिहिल्यात, पण मला वाटतं तुम्ही त्या रात्री टेबलाच्या आधीच बिथरला होतात आणि त्याला कारण होतं. ती ज्या इमारतीच्या खिडकीत होती ती म्हणजे कॉन्सिएर्जरी, फ्रेंच क्रांतीच्या काळातला तुरुंग. फ्रान्सची राणी मारी अंत्वानेत तिथं १७९३ च्या ऑगस्टपासून होती आणि १६ ऑक्टोबरला तिथूनच तिला गिलोटिनकडे, मुंडकं उडवायच्या यंत्राकडे, नेलं. वय ३७. नवऱ्याला जानेवारीतच मारलेलं, मुलगा आधीच तिच्याकडून काढून घेतलेला. गाणं वाजलं ते क्रांतीतलं, रस्त्यावर म्हटलं जाणारं. आणि खिडक्यांच्या कठड्यांवर गोजिरा हा मेटल बँड.

फ्रेंच माणसाला हे आपल्याला वाटतं तितकं भयंकर वाटत नाही, आणि त्याचं कारण आपल्या घरातही सापडेल. आपल्या शाळांच्या गॅदरिंगमध्ये सहावीतला पोरगा वाघनखं लावून कोथळा काढतो, लाल रंग उडतो, आयाबाया टाळ्या वाजवतात. आपल्याला त्यात रक्त दिसत नाही, आपल्याला प्रतापगड दिसतो. बाहेरून आलेला माणूस दचकेल. फ्रान्सचं तसंच. राजाचं डोकं उतरवून प्रजासत्ताक आलं, हे तिथल्या पोरांना पाठ्यपुस्तकात शिकवलेलं असतं. या सोहळ्याची संहिता लिहिणाऱ्यांत पात्रिक बुशरों हे इतिहासकार होते. ते डोकं तिथं सहज म्हणून आलेलं नाही.

तरी मला तो प्रसंग आवडला नाही आणि का आवडला नाही तेही सांगते. त्याच सोहळ्यात नदीकाठी फ्रान्सच्या दहा स्त्रियांचे सोनेरी पुतळे वर आले. त्यातली एक ओलांप द गूज. तिनं १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला आणि अर्पण केला याच राणीला. राणीनंतर तीन आठवड्यांच्या आत, ३ नोव्हेंबरला, क्रांतीनं तिलाही त्याच पात्याखाली नेलं. एकीचा पुतळा सोन्याचा आणि दुसरीचं मुंडकं करमणुकीचं, हे एकाच संध्याकाळी बघताना मला बोचलं. घरच्या इतिहासातलं रक्त घरच्यांपुढे कसं मांडायचं हा त्यांचा प्रश्न. पण दोनशे देशांचे पाहुणे बोलावलेत, पोरंबाळं बघतायत, तेव्हा यजमानानं जरा जपून मांडावं. आपल्या आया हेच शिकवतात ना, पाहुण्यांपुढे घरातली भांडणं काढू नका.

क्रांती आणि चर्च यांचं वैर मात्र तुम्ही समजून घ्या, त्याशिवाय त्या पुलावरची मोकळीक कळायची नाही. फ्रान्समध्ये चर्च शतकानुशतकं राजाच्या बाजूला होतं, जमिनी त्याच्या, कर त्याचा, शब्द त्याचा. त्याची थट्टा ही तिथं दुबळ्यांनी बलवानाची केलेली थट्टा म्हणून सुरू झाली. पुढे ती उलटली. १७९२ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात कोंडलेल्या शंभराहून अधिक धर्मगुरूंना कापून काढलं. १७९३ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीवरच्या २८ राजांच्या मूर्ती खाली ओढून त्यांची मुंडकी उडवली, हे आपले जुलमी राजे म्हणून. ते फ्रान्सचे राजे नव्हतेच. ते बायबलमधले यहूदाचे राजे, येशूचे पूर्वज. १९७७ मध्ये पॅरिसमधल्या एका जागेवर काम चालू असताना त्यातली २१ डोकी जमिनीत सापडली. बघणाऱ्यानं मूर्तीला दुसऱ्याच कोणाच्या नावानं ओळखलं, एवढ्यावर ती फुटली. मुलाशी डायोनिससवरून पुन्हा वाद झालाच तर त्याला ही गोष्ट सांगा. डिझाइनवाल्याला ती पोचेल.

१९०५ च्या कायद्यानं तिथं राज्य आणि धर्म वेगळे झाले. देवाधर्माची थट्टा हा फ्रान्समध्ये गुन्हा नाही. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं २९९ कलम आहे, जुनं २९५अ, पण तेही हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीनं केलेल्या अपमानाबद्दल बोलतं. थट्टेला तिथं मोकळीक आहे हे कळलं म्हणून ती आवडून घ्यायला हवी असं मात्र नाही. झां-ल्यूक मेलांशों हे तिथले डाव्या बाजूचे मोठे पुढारी, चर्चशी काही देणंघेणं नसलेले. त्यांनीही लिहिलं की शेवटच्या भोजनाची थट्टा मला आवडली नाही, श्रद्धावानांना दुखवायचा धोका कशासाठी घ्यायचा? मुलाला वाटत असेल की असं फक्त मागासलेल्यांना वाटतं, तर त्याला हे नाव सांगा.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी खास त्याच्यासाठी लिहिते. हे पत्र त्याला दाखवाच. फ्रान्सची धावपटू सूनकाम्बा सिला डोक्यावर हिजाब घेते. फ्रेंच संघात तो चालत नाही, तिथल्या धर्मनिरपेक्षतेच्या नियमानं. उद्घाटनाला येता येणार नाही असं तिला सांगितलं गेलं. मग तोडगा निघाला आणि ती टोपी घालून बोटीवर उभी राहिली. सगळ्यांना सामावून घेणारा म्हणून हा सोहळा मिरवला गेला आणि त्यातच घरच्या खेळाडूला डोक्यावरचा रुमाल लपवावा लागला. पुलावरच्या लोकांच्या मोकळेपणासाठी मी उभी राहीन. त्या मुलीच्या रुमालासाठी तो उभा राहील का, हे मला त्याच्याकडून ऐकायचंय.

आता तुमच्याकडे येते, आणि इथं थोडं कडक बोलणार आहे.

दुखावलेल्या माणसानं कसं बोलावं, हे तुमच्याच चर्चनं दाखवलंय. दुसऱ्याच दिवशी, २७ जुलैला, फ्रान्सच्या बिशपांनी पत्रक काढलं. त्यात आधी म्हटलं की सोहळ्यात सौंदर्याचे, आनंदाचे फार सुंदर क्षण होते. मग म्हटलं की ख्रिस्ती धर्माची टिंगल करणारी दृश्यंही होती आणि त्याचं आम्हाला मनापासून दुःख आहे. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर. ३ ऑगस्टला व्हॅटिकननंही दुःख कळवलं, आणि त्यातच लिहिलं की अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याबद्दल प्रश्न नाही, पण त्याची मर्यादा दुसऱ्याच्या आदरात आहे. कुठं शिवी नाही, कोणाच्या शरीराबद्दल शब्द नाही.

आणि बाकीच्यांनी काय केलं? मध्ये बसलेली ती बाई म्हणजे बार्बरा बुच, डीजे. तिला ठार मारण्याच्या, बलात्काराच्या धमक्या आल्या. जॉलींनाही आल्या. दोघांना पोलिसांत जावं लागलं. तुम्ही टाकलेला मेसेज त्याच ओढ्यातला होता, ताई. तुम्ही तो शेवटपर्यंत वाचला नव्हता. तुमच्या मुलानं वाचला. आईच्या नावाखाली आलेला.

फादर दिब्रिटोंना निरोप द्यायला तो आला होता, असं तुम्ही लिहिलंत. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा काय झालं होतं, आठवतं ना? जन्मभर मराठीत लिहिलेला, 'सुबोध बायबल' मराठीत आणणारा, वसईच्या पाण्यासाठी आणि झाडांसाठी रस्त्यावर उतरलेला माणूस. पण धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या. तेव्हा तुमच्या घरात किती कालवाकालव झाली असेल. माणूस काय करतो ते न बघता तो कोण आहे एवढ्यावरून घाण बोललं की कसं लागतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मुलाला तेच लागलं.

'माझी माणसं' म्हणजे कोण? मला ठाऊक नाही, आणि तुम्हीही अंदाज बांधत बसू नका. त्याचा एखादा जवळचा मित्र असेल, नाताळला तुमच्याकडे येऊन जेवून गेलेला. ऑफिसातली मैत्रीण असेल. तो स्वतःबद्दलच सांगत असेल. पाच महिने तुम्ही हा शेवटचा विचार मनात येऊ न देण्यासाठी झटताय, असं मला तुमच्या पत्रात दिसलं. तो येऊ द्या. रात्री एकट्या बसून स्वतःला विचारा की तसं असेल तर तो माझा मुलगा राहतो ना. तुमचं उत्तर काय आहे ते मला माहीत आहे. गोळ्या घेतल्या का म्हणून जो विचारतो त्याच्याबद्दल आईचं दुसरं उत्तर नसतं. ते पक्कं झालं की मगच त्याला विचारा. आणि विचारलंत तरी 'सांग ना, सांग ना' करू नका. सांगायचं की नाही हे त्याच्या हातात राहू द्या.

आधी मात्र माफी मागा, फक्त मेसेजची. वाईट वाटलं त्याची नको. फोन करू नका, फोनवर आपण मायलेकरं भलतंच बोलून बसतो. लिहा, तुमच्या शब्दांत, साधारण असं: "बाळा, तो मेसेज मी न वाचता पाठवला होता. आता वाचला. तुझ्या माणसांना मी शिव्या पोचवल्या, मला लाज वाटली. त्या रात्री टीव्हीवर जे बघितलं त्यानं मला आणि पप्पांना खरंच लागलं होतं, तेही तू एकदा ऐकून घे. नाताळला ये. ज्यांना आणायचंय त्यांना घेऊन ये." शेवटचं वाक्य मनापासून लिहिता येणार असेल तरच लिहा.

मिस्टरांना यात ओढू नका. पुरुषमाणसं अशा वेळी तोंडी माफी मागत नाहीत, मागवली तर आणखी घट्ट होतात. त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. १ ऑगस्टला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये कांस्य जिंकलं. रेल्वेत टीसीची नोकरी करणारा मुलगा. खाशाबा जाधवांनंतर, १९५२ नंतर, महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जन्मभर पोरांना ग्राउंडवर पळवणाऱ्या सरांनी ते वसईत एकट्यानं बघितलं असणार आणि मुलानं पुण्यात एकट्यानं. ते बोलणं त्या दोघांचं बाकी आहे. तो आला की ती फायनल लावा, मोबाइलवर मिळेल, आणि तुम्ही स्वयंपाकघरात जा. सर नेम धरण्याबद्दल काहीतरी म्हणतीलच.

७ डिसेंबरला नोत्र दामचे दरवाजे पुन्हा उघडले. २०१९ च्या आगीनंतर पाच वर्षं ते काम चाललं होतं. १९०५ च्या त्याच कायद्यानुसार त्या देवळाची मालकी सरकारची आहे, आणि ज्या देशानं राजांची मुंडकी उडवली त्याच देशाच्या सुतारांनी आता छपराचे ओक लाकडाचे वासे कुऱ्हाडीनं तासून बसवले. जुलैच्या त्या सोहळ्यातही नोत्र दामच्या कारागिरांना मानवंदना देणारा एक भाग होता. टीव्ही बंद करताना तुम्ही जो देश मनातून पुसून टाकला, त्यात हेही आहे.

आणि एक मुलगी आहे, तिच्याबद्दल तुमच्यापर्यंत आलेल्या मेसेजमध्ये काही नसावं. रायसा लिआल, ब्राझीलची, वय १६, स्केटबोर्ड खेळते. २८ जुलैला, त्या टेबलानंतर दोनच दिवसांनी, ती स्पर्धेत उतरली आणि कॅमेऱ्यासमोर खुणांच्या भाषेत हातांनी काहीतरी बोलली. येशू हा मार्ग, सत्य आणि जीवन आहे, असं. त्या दिवशी तिनं कांस्यपदक घेतलं. योहानाचा चौदावा अध्याय काढून बघा. ते वाक्य येशूनं थोमाला कुठं सांगितलं? त्याच भोजनाच्या वेळी. मला हे कळलं तेव्हा तुमची आठवण आली, तेव्हा तुमचं पत्र आलं नव्हतं तरी. अशी एखादी बाई कुठंतरी असणार, जिनं टेबल बघितलं आणि हे बघितलंच नाही.

गोठ्याचं म्हणाल तर पेंढा आणून ठेवा, तारा लावून घ्या. मूर्तींची पेटी मात्र माळ्यावरून काढू नका. मिस्टरांनाही शिडी लावू देऊ नका. ती त्यालाच काढू द्या.

तुमची,
ताई